अबुंदिओची टोपली

सोमवार, १९ जानेवारी

आज ते परत आले. दुसऱ्यांदा. अबुंदिओ, त्याची बायको, त्याचा धाकटा भाऊ आणि बोलायला म्हणून माफीची सगळी भाषणं पाठ असलेला एक म्हातारा. भावाच्या डोक्यावर पावाची टोपली, वर भरतकामाचं फडकं. बायकोच्या हातात केळ्यांचा घड. मी दाराला आतून अडसर लावला होता आणि खिडकीच्या फटीतून बघत होतो.

म्हाताऱ्यानं भाषण सुरू केलं. पोरं चुकतात, थोर माणसं पोटात घालतात, वगैरे. छान बोलतो. मध्येच खोकला आला म्हणून थांबला, तेव्हा मला वाटलं संपलं की काय. नव्हतं संपलं.

नियम साधा आहे. पोरगी कुणाच्या घरी निघून गेली की पोराच्या बापानं टोपली घेऊन यायचं. पोरीच्या बापानं ती स्वतःच्या हातानं उंबऱ्याच्या आत नेली तर माफ केलं. मग पाव पोरीच्या नातेवाइकांत वाटायचा आणि पाद्री लग्नाची तारीख देतो. बापानं हात लावला नाही तर टोपली परत. मी हात लावणार नाही.

"हर्मिलो," अबुंदिओ बाहेरून ओरडला, "थंडी आहे रे बाहेर!"

"मग घरी जा!" मी म्हटलं.

"तुझी पोरगी रडते रोज."

"तुझ्या घरात धूर होत असेल."

गेले. वळणापर्यंत दिसत होते, तोवर मी बघितलं.

युनुएन चौतीस वर्षांची आहे. पळून तरी जायचं होतं! ही चालत गेली. भर दुपारी, बॅग घेऊन, वाटेत दोघींशी गप्पा मारत, तीन गल्ल्या सोडून अबुंदिओच्या घरी, त्याच्या त्या पोराकडे, गिल्दार्दोकडे. गिल्दार्दो वीटभट्टीवर असतो. वाईट मुलगा आहे असं कुणी म्हणत नाही, पण मला विचारलंय कुणी? जाताना चुलीवर राजम्याचं भांडं मंद आचेवर ठेवून गेली. मीठ अगदी बरोबर होतं. यालाच मी उद्धटपणा म्हणतो.

रक्तदाबाच्या गोळ्या कुठं ठेवते ते सापडत नाही. तीन डबे उघडले. तिन्हीत दालचिनी. एका घरात इतकी दालचिनी कशाला लागते?

बुधवार, २१ जानेवारी

सेलेरिनो आणि कोमाद्रे एउलालिया आले होते. सेलेरिनो न्हावी आहे, लहानपणापासून माझे केस कापतो आणि लहानपणापासून वाकडे कापतो. एउलालिया युनुएनची धर्ममाता, म्हणून माझी कोमाद्रे. दोघं हसत आले, आणि दोघं एकदम हसत आले की काहीतरी शिजत असतं.

"शुक्रवारी पात्स्कुआरोला जाऊ," सेलेरिनो म्हणाला. "लाँचमधून बेटावर, मग बाजार, मग पोर्तालच्या कमानींखाली जेवण. तिघंच."

"कशाला?"

"मजा करायला."

"या वयात?"

"तुला मजा करायची नसेल तर तू नुसता बस. आम्ही करतो."

कोमाद्रे म्हणाली, "माझ्या पुतण्याच्या मुलाचा बाप्तिस्मा आहे, त्याची खरेदी करायचीय. ओझं होणार. कुणीतरी पुरुष माणूस हवा सोबत."

"सेलेरिनो आहे की."

"मी पुरुष माणूस म्हणाले."

सेलेरिनो हसला. अपमान झाला की हसणारा माणूस मला कधीच आवडला नाही.

ते गेल्यावर मी विचार केला आणि सगळं लक्षात आलं. नाताळात हीच कोमाद्रे म्हणाली होती की पात्स्कुआरोच्या नन्स म्हाताऱ्या एकट्या माणसांना ठेवून घेतात, रोज गरम सूप देतात, चादरी स्वच्छ असतात. तेव्हा मी लक्ष दिलं नाही. आता युनुएन गेली, मी एकटा. आणि आठवडाभरातच या दोघांना पात्स्कुआरो आठवलं! बेट दाखवतील, जेवू घालतील आणि मग म्हणतील, चल जरा इथं आत बसू. आणि मागे दार लावून घेतील.

नाही गेलो तर म्हणतील याला चालवत नाही, आता आश्रमच बरा. म्हणून जायचं. जाऊन दाखवायचं.

शुक्रवार, २३ जानेवारी

जिंकलो. आता सविस्तर लिहितो.

सकाळी वडापच्या गाडीत सेलेरिनोनं मला खिडकीची जागा दिली. मी घेतली नाही. खिडकीला बसलेल्याला पटकन उतरता येत नाही. दाराशी बसलो. गार वारा लागत होता, कान दुखला, पण दारावर नजर राहिली.

धक्क्यावर लाँचवाला पोरगा मला म्हणाला, "आजोबा, हात द्या."

"तुझा हात तुझ्याजवळ ठेव. तुझा बाप चड्डीत होता तेव्हापासून मी याच धक्क्यावरून लाँच चालवलीय."

"मग तुम्हीच चालवा आज," तो म्हणाला. सगळे उतारू हसले. सेलेरिनो सर्वांत मोठ्यानं.

लाँच त्यानं वाईटच चालवली. पाणवनस्पतीत पंखा अडकवला, मग मागे घेतली, मग परत अडकवली. मी काही बोललो नाही. दोनदाच बोललो. बेटाजवळ कोळी आपली फुलपाखरी जाळी उभारून होड्यांत तयार होते. मासा एक नाही. पर्यटकांनी कॅमेरा काढला की जाळी वर, कॅमेरा खाली की जाळी खाली. त्यांतले दोघं मला ओळखतात. त्यांनी जाळी वर धरूनच मान हलवली. मी मान वळवली. माझ्या काळी या जाळ्यांत मासे असायचे.

बेटावर स्वातंत्र्यवीर मोरेलोसच्या उंच दगडी पुतळ्यापर्यंत पायऱ्या. सेलेरिनो अर्ध्यावर बाकावर बसला, तोंड लाल.

"तू जा वर," तो म्हणाला. "मी इथंच मरतो."

"मर," मी म्हटलं आणि गेलो. पुतळ्याच्या आतल्या जिन्यानंही चढलो, पार वरपर्यंत. माझ्या मागे जर्मन की कोण मुलगी होती, तीही दमली होती. वरून आमचं गाव दिसतं. अबुंदिओच्या घराचं छप्पर नव्या विटांच्या रंगाचं आहे म्हणून ओळखू येतं. अंगणात दोरीवर काहीतरी निळं वाळत होतं. मी बराच वेळ बघत राहिलो, डोळे अजून किती काम देतात ते तपासायला. चांगले आहेत.

खाली आलो तर कोमाद्रेनं विचारलं, "गाव दिसलं?"

"ढग होते," मी सांगितलं.

आभाळ निरभ्र होतं. तिनं वर बघितलं आणि काही बोलली नाही. बायकांना गप्प बसून टोमणा मारता येतो.

मग पात्स्कुआरोचा बाजार. शुक्रवार, तोबा गर्दी. कोमाद्रे पाववाल्याकडे गेली तर तो कालचा पाव देत होता. मी बोट लावूनच सांगितलं, कालचा आहे. तिला त्या कोपऱ्यावरच्या बाईकडे नेलं, जिच्या पावावर अजून भट्टीची ऊब होती. ताटाएवढे गोल पाव, वर साखरेची फुलं. "बाप्तिस्म्याला इतका पाव कशाला?" मी विचारलं. "नातेवाईक खूप आहेत," ती म्हणाली. मग चॉकलेट, केळी, मेणबत्त्या, दारूची एक बाटली. सगळं मी निवडलं. या दोघांना निवडता येत नाही, जे समोर येईल ते उचलतात. मी सहा घड परत ठेवायला लावले तेव्हा कुठं नीट केळी मिळाली.

शालींच्या दुकानात कोमाद्रेनं काळी शाल खांद्यावर घेतली. "ही कशी? माझ्या भाचीसुनेला."

"निळी घे. बारीक पांढऱ्या रेघांची. चौकोनी चेहऱ्याच्या बाईला काळं भकास दिसतं."

"माझ्या भाचीसुनेचा चेहरा चौकोनी आहे हे तुला कोण म्हणालं?"

"असेल असं वाटलं."

सेलेरिनो एकदम दुकानाबाहेर गेला आणि रुमालात नाक शिंकरत उभा राहिला. बेटावरच्या वाऱ्यानं सर्दी झाली असणार. मी त्याला आधीच सांगितलं होतं टोपी घाल.

मग पोर्तालखाली जेवण. सूप, भाजलेला मासा, मक्याच्या पोळ्या. मासा तळ्यातला नव्हता, कुठल्यातरी टाकीतला होता, मी वेटरला तसं सांगितलं. सेलेरिनोनं तीन ग्लास भरले.

"गिल्दार्दो आणि युनुएनच्या नावानं," तो म्हणाला.

मी ग्लास खाली ठेवला.

"हर्मिलो, युनुएनच्या आईला, आंपारोला, तू कसं आणलंस ते विसरलास? रात्री, लाँचमधून, दिवा विझवून. तिचा बाप धक्क्यावर काठी घेऊन नाचत होता."

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

"आंपारो मला आवडत होती."

मी माशातले काटे काढले. खूप काटे होते.

"तू माणूस आहेस की दगड?" कोमाद्रे म्हणाली. हळू बोलली नाही, शेजारच्या टेबलावरचे लोक वळले. "पोरगी चौतीस वर्षं तुझ्या चुलीपाशी राहिली. आता तिला स्वतःची चूल हवी तर तू दाराला अडसर लावतोस."

"माझं दार, माझा अडसर."

"आणि उद्या तू मेलास तर?"

"मग टोपली घेऊन या, मी दार उघडणार नाही."

सेलेरिनोला ठसका लागला. मला वाटलं आता विषय निघणार, आश्रमाचा. निघाला नाही. उलट कोमाद्रे शांत झाली, आणि तेव्हाच मी सावध झालो.

बरोबर निघालं. जेवणानंतर ती म्हणाली, "इथं जवळच नन्स मिठाई विकतात, घेऊन जाऊ." मिठाई! मी रस्त्याच्या पलीकडे भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. ती दोघं आत गेली. दारात एक नन आली, गोरी, गोल चष्म्याची, मला बघून हसली आणि म्हणाली, "आजोबा, उन्हात का उभे? आत या ना, बसा जरा."

"बसायचं नाही मला!" मी म्हटलं. "मी चढून आलोय मोरेलोसवर!"

ती "शाबास" म्हणून आत गेली. मी हलकेच पन्नासेक पावलं पुढं सरकलो, वडापच्या दिशेनं. ते बाहेर आले तेव्हा दोघांच्या हातात खरंच मिठाई होती. म्हणजे मी डाव ओळखला हे कळल्यावर त्यांनी तसं दाखवलं.

गावात उतरलो तेव्हा फडक्यानं झाकलेली खरेदीची टोपली एवढी जड झाली होती की सेलेरिनोनं एकदा उचलली आणि खाली ठेवली. "माझ्यानं नाही व्हायचं," तो म्हणाला. "कुणी पोरगा बघू का?"

"कशाला पोरगा?" मी म्हटलं. टोपली उचलून खांद्यावर घेतली. आश्रमात पाठवायच्या लायकीचा म्हातारा असा टोपली उचलतो का? बघू दे दोघांना. बघू दे सगळ्या गावाला. आणि गावानं बघितलं. चौकातून चाललो तर लोक दुकानातून बाहेर आले. पुरुषांनी टोप्या काढल्या. चर्चपाशी कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. बहात्तराव्या वर्षी असा खांदा पाहिलाय कुणी? अबुंदिओ समोरच्या बाजूला टोपी हातात धरून उभा होता, त्याची बायको तोंडावर शाल घेऊन. मी बघून न बघितल्यासारखं केलं.

माझ्या दारापाशी कोमाद्रे म्हणाली, "आज राहू दे तुझ्याकडे. माझ्या घरात उंदीर झालेत."

"मग मी आत ठेवतो, तू हात लावू नकोस, तुझी कंबर धरेल." मीच नेली. आंपारोच्या फोटोसमोरच्या टेबलावर ठेवली. मागे वळलो तर सेलेरिनोनं छातीवर हातानं क्रूस काढला. टोपली ठेवल्यावर क्रूस काढणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला.

पाठ दुखते आहे. पण नन्सना आज माझ्याशिवाय सूप प्यावं लागेल.

शनिवार, २४ जानेवारी

हरामखोर. दोघंही. सगळं गाव.

सकाळी दार वाजलं. आंपारोची चुलत बहीण, जिला ऐकू येत नाही. हातात रिकामी परडी. "माझा पाव," ती म्हणाली.

"कसला पाव?"

"काय?"

"कसला पाव!"

"युनुएनचा. तू काल खांद्यावरून नेलास ना. देव तुझं भलं करो, मला वाटलं तू सुधारणार नाहीस."

मी टेबलाकडे बघितलं. पाव, केळी, चॉकलेट, मेणबत्त्या, बाटली. बाटलीही नेमकी तीच, जी माफीला देतात. आणि मी तो पाव बोटानं दाबून निवडला होता!

सेलेरिनोकडे गेलो. दुकानात गिऱ्हाइकाच्या गालाला साबण होता.

"टोपली अबुंदिओची होती?"

"पैसे त्याचे. निवड तुझी. खांदा तुझा. उंबरा तुझा." वस्तरा पुसत होता. "नियमात काय चुकलं सांग."

"मी फसवला गेलो."

"हर्मिलो, तू कोमाद्रेला विचारलंस इतका पाव कशाला. ती म्हणाली नातेवाईक खूप आहेत. खोटं बोलली का?"

साबणवालं गिऱ्हाईक हसायला लागलं आणि साबण तोंडात गेला. बरं झालं.

टोपली उचलून अबुंदिओच्या दारात आदळायचं ठरवलं. उचलली. चौकापर्यंत गेलो. तिथं आठ-दहा बायका जमल्या, त्यांना वाटलं मी वाटायलाच निघालोय. "आधी मला," "माझी आई आंपारोच्या मावशीची सून," असं सुरू झालं. मी ओरडून सांगितलं की मी माफ केलेलं नाही. एकजण म्हणाली, "हो हो, नाही केलं," आणि दोन पाव घेतले. अबुंदिओच्या घरापर्यंत पोचलो तेव्हा टोपलीत फडकं उरलं होतं.

फडकं परत आणलं. धुवून वाळत घातलंय. त्याचं काय करायचं ते माहीत नाही.

मंगळवार, २७ जानेवारी

पाद्रीनं तारीख दिली. चौदा फेब्रुवारी, उपासाचे दिवस लागण्याआधी. मला न विचारता. रविवारी दोघं आशीर्वादाला येणार असं कोमाद्रे दाराबाहेरून सांगून गेली. मी तिला घरात घेतलं नाही. सेलेरिनोकडे दाढीला जाणं बंद केलंय. गाल खाजतो.

कुणीच येत नाही आता. माफीवाले येत नाहीत, कारण माफ झालंय. पाव मागणारे येत नाहीत, कारण पाव संपला. दुपारी दोनदा दार वाजल्यासारखं वाटलं. वारा होता.

रविवार, १ फेब्रुवारी

आले. अबुंदिओकडचे सगळे अंगणात उभे राहिले, युनुएन आणि गिल्दार्दो आत. तिच्या खांद्यावर ती निळी शाल. दिसायला बरी दिसत होती. दुकानदारानं रंग पक्का सांगितला होता, बघू.

दोघं गुडघ्यावर बसली. मी उभा राहिलो. माझा हात वर उचलायचा होता, हवेत क्रूस काढायचा होता. मी उचलला नाही. कोमाद्रे अंगणातून मान वाकवून बघत होती.

"पापा," युनुएन म्हणाली.

"काय?"

"आशीर्वाद द्या."

"मी विचार करतोय."

"लवकर करा. फरशी गार आहे आणि माझे गुडघे चौतीस वर्षांचे आहेत."

गिल्दार्दोला हसू आलं, त्यानं खाली बघितलं. त्याच्या नखांत विटांची माती होती. हात धुवून आला होता, तरी होती. माझ्या नखांत डिझेल असायचं, आंपारो घासून घासून थकायची.

"गोळ्या कुठं ठेवतेस?" मी विचारलं.

"दालचिनीच्या डब्यात, तळाशी. तुम्ही एकदम सगळ्या घेऊ नयेत म्हणून."

"मला सांगायचं नाही?"

"तुम्ही मला घरात येऊ दिलंत का?"

मी हात वर केला. क्रूस काढला. दोनदा काढला, पहिल्यांदा वाकडा गेला होता. तिनं माझा हात धरला आणि चुंबन घेतलं, मग जरा जास्तच वेळ धरून ठेवला. मी तिला म्हटलं, सोड, दुखतो. दुखत नव्हता.

मग सगळे आत आले, अबुंदिओनं आणलेली बाटली उघडली. अबुंदिओ मला मिठी मारून म्हणाला, "व्याही!" त्याच्या अंगाला धुराचा वास येतो. मी म्हटलं, "हळू." जेवले, हसले, सेलेरिनोनं मोरेलोसवर चढण्याची माझी नक्कल केली, नन्सची नक्कल केली. तो प्रकार त्यानं मिठाईच्या दुकानाच्या खिडकीतून बघितला होता. युनुएन डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. जाताना तिनं चुलीवर काहीतरी ठेवलं आणि झाकण घातलं.

संध्याकाळी सगळे गेले. एकदम गेले. बाकी काही नाही.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

काल कुणी आलं नाही. आज दुपारपर्यंतही नाही. त्यांना लग्नाची कामं आहेत. माफी झाली, आशीर्वाद झाला, आता माझ्याकडे कोणाचं काय काम? सगळं देऊन टाकल्यावर माणसाकडे कोण येतं?

मी विचार केला. दुपारी शेजारणीकरवी अबुंदिओला निरोप धाडला. ऐकण्यात आलंय की लग्नाला त्याच्या मेहुण्याचा बँड ठरतोय. त्या बँडचा ट्रम्पेटवाला बेसुरा आहे, सगळ्या तळ्याकाठाला माहीत आहे. पोरीच्या बापाला न विचारता बँड ठरवणं हा अपमान आहे. असा बँड असेल तर मी लग्नाला येणार नाही. माझा शब्द शेवटचा.

शेजारीण परत येऊन म्हणाली, ते घाबरले. उद्या संध्याकाळी सगळे समजूत काढायला येणार आहेत. अबुंदिओ, त्याची बायको, सेलेरिनो, कोमाद्रे. युनुएनही म्हणाली, मी येते, माझंच ऐकतात ते.

मी कुणाचं ऐकणार नाही. अंगण झाडून घेतलं. खुर्च्या बाहेर काढून पुसल्या. घरात माझी सोडून चार आहेत, येणारे पाच. आणि गिल्दार्दो आला तर सहा. दोन शेजारून मागून आणल्या आहेत.